हक्काचे आणि मर्जीचे : समानतेविषयी वाचकांचे काही प्रश्न

गेल्या अंकात संविधानातील समानतेच्या कलमांवर दोन पाने छापून आली. त्यानंतर या सदराकडे जी पत्रे आली, त्यांत कलमांविषयी विचारणारे पत्र एकही नव्हते. वाचकांनी विचारले ते जमिनीच्या वाटणीबद्दल, सरपंचाच्या खुर्चीबद्दल, मुलाच्या प्रवेशाबद्दल आणि चहाच्या कपाबद्दल. तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला त्याचा आनंदच झाला, कारण कलमे खरी ठरतात किंवा खोटी पडतात ती याच ठिकाणी. पत्रे थोडक्यात देते आहे. नावे पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माणसे निसर्गतःच समान नसतात. कोणी हुशार असतो, कोणी ताकदवान, कोणी आळशी. मग समानता ही कल्पना मुळातच खोटी नाही का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बार्शी)

माणसे सारखी नसतात हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, कारण समानतेचा दावा माणसांच्या गुणांविषयी कधीच नव्हता. माणसांशी कसे वागावे, याविषयीचा तो दावा आहे. तुम्ही पहिल्यांदा मत द्यायला जाल तेव्हा रांगेत तुमच्या पुढे ऊसतोडीहून परतलेला मजूर असेल आणि मागे साखर कारखान्याचा संचालक असेल. तिघांच्याही तर्जनीला एकाच बाटलीतली शाई लागेल. तिघांत हुशार कोण, कोण किती शिकला, कोण किती कर भरतो, हे तेथे कोणी विचारणार नाही. इंग्रजी अमदानीत ते विचारले जात असे. १९३५ च्या कायद्याखालील मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता आणि बहुसंख्य प्रौढ माणसे त्यातून वगळली गेली होती. स्वतंत्र भारताने ती चाळणीच काढून टाकली. माणसांतले फरक मिटले म्हणून नव्हे, तर मत देण्यापुरते ते फरक गैरलागू आहेत असे ठरवून.

आता असे समजा, की त्या मतदान केंद्राच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि चाकाच्या खुर्चीवरून आलेली एक बाई खाली थांबली आहे. नियम सर्वांना एकच आहे, पायऱ्याही सर्वांना त्याच आहेत, आणि तरी तिचे मत त्या तीन पायऱ्यांनी काढून घेतले आहे. म्हणून तेथे उताराचा रॅम्प बांधावा लागतो. म्हणूनच २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय दिली गेली. संविधानाच्या चौदाव्या कलमात 'कायद्यापुढे समानता' आणि 'कायद्याचे समान संरक्षण' असे दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी आहेत, ते याच कारणाने. कायद्याच्या वर कोणीही नाही, हे पहिला सांगतो. दुसऱ्याने शासनावर अशी जबाबदारी येते, की त्याने माणसाची परिस्थिती पाहावी आणि संरक्षण त्याच्यापर्यंत खरोखर पोहोचते का, याची खात्री करावी.

माझी स्वतःची एक साधी कसोटी आहे आणि पुढच्या उत्तरांतही ती मी लावणार आहे. जे माझ्या हक्काचे आहे, ते मिळवण्यासाठी मला कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागते का? खाली थांबलेल्या त्या बाईला चार भले तरुण आनंदाने उचलून वर नेतीलही, आणि त्यांचा चांगुलपणा खराही असेल. पण पुढच्या निवडणुकीला ते तरुण तेथे असतील की नाही, हे तिला माहीत नसते. रॅम्प मात्र तेथेच असतो.

प्रश्न : वडील गेल्या वर्षी वारले. चार एकर जमीन आहे. दोन्ही भावांनी हक्कसोडपत्रावर माझी सही मागितली आहे. भाऊ मायाळू आहेत, दर भाऊबीजेला ओवाळणी चुकत नाही. सही करायची म्हटले की मन दुखते आणि नाही म्हटले तर माहेर तुटेल अशी भीती वाटते. समानता म्हणून काय योग्य? (एक वाचक भगिनी, वय ५२, सातारा जिल्हा)

ताई, हे उत्तर मी तिऱ्हाइतासारखे लिहू शकत नाही. १९९८ साली माझे वडील गेले आणि पुढच्या वर्षी वैशाखात आम्ही तिघी बहिणी तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या, तेथे आम्ही सह्या केल्या आणि अंगठ्याची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून बसलो. कागद कोणी वाचून दाखवला नाही आणि आम्हीही मागितला नाही. घरी आईने पुरण घातले होते. भावाने तिघींना एकाच रंगाच्या साड्या आणल्या होत्या. परतीच्या एसटीत थोरली बहीण हळूच म्हणाली, "किती होती गं आपली?" किती गुंठे, ते तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. त्या वेळी समानतेची कलमे शिकवायला लागून मला अकरा वर्षे झाली होती.

आमच्या भावाने आम्हांला फसवले नाही. तो आजही जिवाला जीव देणारा आहे. फसवणूक झाली असती, तर निदान कोणावर रागावता तरी आले असते. येथे सगळे प्रेमानेच झाले आणि प्रेमानेच तिघींचे नाव कागदावरून गेले. आपल्याकडे बहिणीच्या वाट्याला 'चोळीबांगडी' हा शब्द आहे आणि भावाच्या वाट्याला 'हिस्सा' हा. दोन्ही शब्द मायेच्याच घरातले असले, तरी पहिला भावाच्या मर्जीवर उभा आहे आणि दुसरा सात-बारावर.

आता कायदा. तुम्हांला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो असे पत्रावरून दिसते. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या मूळ कायद्यानेच दिला होता. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र तिला मुलासारखा जन्मतः हिस्सा नव्हता. महाराष्ट्राने १९९४ साली तो दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित हा भेद गेला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा हक्क जन्माने येतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या मोडता येत नाहीत. तुमच्या घरी तशी वाटणी झालेली नसेल, तर तुमचा हिस्सा आज भावांच्या हिश्शाच्या बरोबरीचा आहे, आणि तो कोणी तुम्हांला द्यायचा नसून मुळातच तुमचा आहे.

तलाठ्याकडे वारसनोंद झाली असेल, तर फेरफाराची नक्कल स्वतः काढून वाचा. बहिणींची नावे कब्जेदारांच्या रकान्यात न लावता 'इतर अधिकार' या रकान्यात ढकलून देण्याची पद्धत अनेक गावांत चालत आली आहे. नाव तर लागले, पण मालक म्हणून नव्हे, असा त्याचा अर्थ होतो आणि पुढे तेच नाव कमी करणे सोपे जाते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र एकदा झाले, की फसवणूक किंवा दडपण न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय ते सहसा फिरवता येत नाही. ही सही भाऊबीजेच्या ओघात करण्यासारखी नाही, एवढे तरी माझ्या अनुभवावरून नक्की सांगते.

भावांच्या बाजूचे म्हणणेही मी ऐकले आहे. "तुझ्या लग्नात खर्च केला" असे ते म्हणतील. खर्च भावाच्याही लग्नात झाला आणि तो त्याच्या हिश्शातून कोणी वजा केला नाही. हुंड्याचा हिशोब कोणी पुढे करत असेल, तर हुंडा घेणे-देणे १९६१ पासून गुन्हा आहे. दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे : आईवडिलांची आजारपणे भावांनी आणि वहिनींनी काढली, रात्री जागल्या त्या त्यांनी. हे खरे असेल, तर तुम्हीही ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. हिस्सा ठेवायचा आणि आईची जबाबदारी मात्र भावाचीच, ही समानता मला पटत नाही. आई हयात असेल, तर तिच्या औषधपाण्याचा आणि सोबतीचा वाटाही तुम्ही उचला, आणि तो उचलणार असल्याचे आधीच सांगा.

आणि वहिनीचा विचार करा, जो या भांडणात कोणीच करत नाही. नणंदेच्या हक्काची बातमी कळली, की वहिनी विरोधी बाजूची मानली जाते. पण भांगलणीपासून मळणीपर्यंत जी बाई त्या चार एकरांत राबते, तिचे नाव तरी उताऱ्यावर कोठे असते? नाव नाही म्हणून ती कागदोपत्री शेतकरी नाही, आणि शेतकरी नाही म्हणून पीककर्ज आणि नुकसानभरपाई तिच्या नावाने येत नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली आणि पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करावा असे गावोगाव आवाहन केले. अनेकांनी तो केलाही. भावाशी बोलताना तुमच्या नावाबरोबर वहिनीच्या नावाचाही विषय काढलात, तर घरातल्या दोन बायका एकमेकींसमोर उभ्या राहणार नाहीत.

मी तुमच्या जागी असते, तर आज सही केली नसती. सही न करणे म्हणजे भावांना शेतातून उठवणे नव्हे. जमीन त्यांनीच कसावी, तुमच्या हिश्शाचे धान्य किंवा खंड काय द्यायचा ते बोलून ठरवावे, आणि पुढे कधी तुम्हांला हिस्सा त्यांनाच द्यावासा वाटला, तर तो किंमत, मोजमाप आणि कागद डोळ्यांखाली घालून द्यावा. भावाला सांगायला एवढे पुरे आहे : "दादा, जमीन तूच कर. माझं नाव तेवढं राहू दे." या एका वाक्याने जे माहेर तुटेल, त्याचा धागा सही करूनही फार काळ टिकला असता, असे मला वाटत नाही.

प्रश्न : आमच्या गावात महिला सरपंच आहेत, पण कारभार त्यांचे पती पाहतात. सही तेवढी बाईंची. मग या आरक्षणाचा उपयोग काय? (ग्रामपंचायत सदस्य, बुलढाणा जिल्हा)

तुमची तक्रार खरी आहे, पण ती चुकीच्या व्यक्तीच्या खात्यावर पडते आहे. पतीने कारभार हातात घेतला असेल, तर दोष खुर्ची बळकावणाऱ्याचा आणि त्याला 'साहेब' म्हणून विचारायला जाणाऱ्यांचा आहे. शिवाय पुरुष सरपंच असताना गावातल्या मोठ्या वाड्यावरून सूत्रे हलत असल्याची उदाहरणे तुम्हीही पाहिली असतील. तेव्हा पुरुषांना सरपंच करण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले होते का?

थोडे मागे जाऊन पाहा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार झाल्या, तेव्हा अनेक प्रांतांतल्या बायकांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच नोंद करून दिली. अशा नोंदी ग्राह्य धरायच्या नाहीत असे निवडणूक आयोगाने ठरवले आणि सुमारे २८ लाख स्त्रिया मतदारयादीतून गळल्या. जेथे बाईचे नावच यादीत यायला तयार नव्हते, तेथून आपण सुरुवात केली आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. अमक्याची बायको ते गावची सरपंच, हे अंतर इतक्या थोड्या काळात कायद्याने कापले, आणि त्याच्या मागून चालत येणाऱ्या घराला अजून धाप लागते आहे.

तुम्ही सदस्य आहात, तेव्हा तुमच्या हातात पुष्कळ आहे. मासिक सभेत प्रश्न सरपंचबाईंनाच विचारा आणि उत्तर त्यांच्याकडूनच येईपर्यंत थांबा. सदस्य नसलेली व्यक्ती सभेच्या टेबलाशी बसली असेल, तर ग्रामसेवकांना तशी नोंद इतिवृत्तात घ्यायला सांगा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असे आपला ग्रामपंचायत कायदाच सांगतो. ती कागदावर उरकली जाते की खरोखर भरते, हे पाहा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, की आरक्षण फिरते असल्यामुळे या बाई काम शिकेपर्यंत पाच वर्षे संपतील आणि जागा खुली झाल्यावर त्यांना कोणी उमेदवारी देणार नाही. पुढच्या वेळी खुल्या जागेवर त्यांना उभे करण्याचा शब्द तुमच्या गटाने आजच दिला, तर त्यांच्या बोलण्यात आणि घरातल्या ऐकण्यात फरक पडलेला तुम्हांला दिसेल.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला होता, की २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. तुमच्या पंचायतीच्या कार्यालयात तीच विसंगती एका खुर्चीवर बसलेली आहे. ती मिटवायची तर घराकडून मिटवावी लागेल. खुर्ची काढून घेऊन ती मिटणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाचा वैद्यकीय प्रवेश थोड्या गुणांनी हुकला. त्याच्याहून कमी गुणांच्या मुलाला आरक्षणातून जागा मिळाली. यात समानता कोठे आहे? (एक पालक, पुणे)

मुलाने दोन वर्षे झोप मोडून अभ्यास केला असेल आणि त्याचे दुःख खरे आहे, हे आधी म्हणते. या दुःखाला शासकीय महाविद्यालयांतल्या जागांची टंचाई मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे, पण डोळ्यांसमोर दिसतो तो मात्र शेजारच्या बाकावरचा मुलगा. त्याच यादीत खाली, खासगी महाविद्यालयांत व्यवस्थापन कोट्यातून आणि भरमसाट शुल्क भरून प्रवेश घेणाऱ्यांचेही गुण तुमच्या मुलाहून कमी असू शकतात. पैशाने गुणवत्ता मागे पडते तेव्हा आपण त्याला ऐपत म्हणतो. आरक्षणाने पडते तेव्हाच आपल्याला समानता आठवते. मला हे न्याय्य वाटत नाही.

आरक्षण ही समानतेतली सूट आहे की समानतेचाच भाग, हा वाद जुना आहे. १९७५ साली केरळच्या एन. एम. थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयातील बहुमताचा कल ते समानतेचेच एक अंग आहे असे मानण्याकडे झुकला. ही दृष्टी आपल्याकडे त्याआधी पाऊणशे वर्षे होती. २६ जुलै १९०२ रोजी छत्रपती शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो : ज्या खात्यात मागासवर्गीयांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, आणि हुकुमानंतर झालेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने पाठवावे. राजा होता, मनात आणले असते तर आवडेल त्याला नोकरी देऊ शकत होता. त्याने आपल्या दातृत्वावर काही न सोडता दर तीन महिन्यांनी तपासता येईल असा नियम केला.

या नियमाला मर्यादाही आहेत आणि त्या असायलाच हव्यात. आरक्षित जागा अल्पसंख्य राहाव्यात, नाहीतर संधीच्या समानतेचे तत्त्वच गिळले जाईल, असे डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली संविधान सभेत सांगितले होते. १९९२ च्या इंद्रा सहानी निकालाने ५० टक्क्यांची मर्यादा आणि इतर मागासवर्गीयांसाठी उन्नत गटाची, म्हणजे त्यांच्यातल्या सुस्थित घरांना वगळणारी, चाळणी घातली. एखाद्या गटातल्या सुस्थित घरांनीच लाभ पुन्हा पुन्हा घ्यावा का, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. तो विचारताना आपल्या मुलाच्या घरी अभ्यासाचे टेबल, शिकवणीची फी आणि 'डॉक्टर हो' म्हणणारे कोणीतरी किती पिढ्यांपासून होते, तेही त्याच कागदावर लिहून पाहावे, एवढीच विनंती.

प्रश्न : पती गेल्यापासून आमच्या वाडीत मला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. यावर कायदा काही करू शकतो का? (एक भगिनी, रत्नागिरी जिल्हा)

बोलावणे कायद्याने आणता येत नाही, पण गाव आणू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला, की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. तुमच्या ग्रामपंचायतीत असा ठराव झाला आहे का, ते विचारा. नसेल, तर येत्या ग्रामसभेत तो मांडायला दोन शेजारणी बरोबर घ्या. आणि या संक्रांतीला वाण तुमच्या घरी ठेवा. पहिल्या वर्षी चार जणी येतील. त्या चौघींची नावे मला नक्की कळवा.

प्रश्न : आमच्याकडे पंधरा वर्षे काम करणाऱ्या मावशींना आम्ही घरच्यासारखे वागवतो. त्यांचा चहाचा कप वेगळा आहे, पण त्यात जातीचा काही विचार नाही, लहानपणापासूनची सवय आहे. परवा माझी मुलगी म्हणाली, "आई, हे चूक आहे." खरेच का? (एक गृहिणी, डोंबिवली)

तुमच्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. तुम्ही हे लपवले नाही आणि विचारले, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. सवय आहे, जात मनात नाही, हे तुमचे सांगणे मी खरे मानते. पण सवय कोणाची आणि कोठून आली, हे कपाला ठाऊक असते. घरच्यासारखे वागवतो असे आपण म्हणतो, तेव्हा घरच्या कोणाचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाकीच्या कपांपासून हातभर दूर, उपडा ठेवलेला असतो?

पाणी आणि भांडे यांवरूनच आपल्याकडे माणसाची पायरी ठरत आली आहे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो त्यांचा स्वतःचा हौद होता आणि मनाचा मोठेपणाही त्यांचाच होता. महाडचे चवदार तळे मात्र सार्वजनिक होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ साली केला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते, आणि तरी कोणा अस्पृश्याला तेथे ओंजळ बुडवता येत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात दहा वर्षे चालले. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द जागोजाग मोजून लिहिलेले आहेत, त्यामागे ही ओंजळ आहे.

तुमचे स्वयंपाकघर सार्वजनिक तळे नाही. तेथे कोणी खटला भरणार नाही. म्हणून तेथे तुमची जबाबदारी फुल्यांच्या हौदासारखी आहे. कोल्हापूरची एक गोष्ट येथे आठवते. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी असताना हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढायला मदत केली आणि गिऱ्हाईक येईना तेव्हा स्वतः गाडी थांबवून, चारचौघांदेखत, त्यांच्या दुकानातला चहा घेतला. महाराजांनी त्यांना राजवाड्यात बोलावून आपल्या कपातून चहा पाजला नाही. ते त्यांच्या कपातून प्याले. मावशींना आपला कप द्यावा की नाही, यावर आपण घरोघरी चर्चा करतो. मावशींच्या घरी त्यांच्या कपातून आपण चहा घेतला आहे का, हे पंधरा वर्षांत एकदाही मनात येत नाही.

कपाच्या पुढेही एक गोष्ट आहे आणि ती कदाचित मावशींच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची असेल. पगाराचा आकडा, आठवड्याची सुट्टी, आजारपणातले खाडे, दिवाळीचा बोनस हे ठरलेले आहे, की त्या त्या वेळी तुम्हांला विचारून घ्यावे लागते? 'घरच्यासारखे' या शब्दाच्या आड पुष्कळदा हेच दडते : घरच्या माणसाशी हिशोब कसला, म्हणून सुट्टी मागताना मावशींना दाराशी चार वेळा घुटमळावे लागते. तुम्ही ते एका वहीत लिहून काढा, दोघींनी सह्या करा आणि वहीची एक प्रत त्यांच्याकडे द्या. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. मावशींची नोंदणी झाली आहे का ते पाहा आणि नसेल, तर मुलीला त्यांच्याबरोबर अर्ज भरायला पाठवा. सोसायटीत त्यांनी कोणती लिफ्ट वापरायची यावर काही नियम लिहिला असेल, तर तोही येत्या सभेत काढून टाकायला सांगा.

आणि तो कप इतर कपांत मांडणीवर ठेवून द्या, त्याविषयी काही न बोलता. मावशी पहिले काही दिवस तोच कप शोधून काढतील. त्यांना घाई करू नका. तुमच्या मुलीला सांगा, की एखाद्या सकाळी त्या कपातला चहा आधी तिने घ्यावा.